वाळू चाळणारे सिक्लिड: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पावसाळ्यापासून जिओफॅगस माशांबद्दल कोकणातून बरीच पत्रं आली, म्हणून या अंकातलं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. हे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचे, सिक्लिड कुळातले मासे. तळाची वाळू तोंडात घ्यायची, तिच्यातलं खाणं वेगळं करायचं आणि वाळू टाकून द्यायची, असा त्यांचा दिवसभराचा उद्योग. त्यांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ वाळूत नाहीतर पाण्यात सापडतं.

प्रश्न (मिऱ्या, रत्नागिरी): चार फुटी टाकीत सहा रेड हेड टपाजोस जिओफॅगस ठेवायचे आहेत. दुकानदार म्हणतो, तळाला बारीक खडी चालेल. समुद्र दारातच आहे, तर तिथली वाळू धुऊन वापरू का?

उत्तर: खडीही नको आणि समुद्राची वाळूही नको.

हा मासा खाताना एकदा जवळून बघा. डोकं खाली करून तो डोळ्यांपर्यंत वाळूत घुसतो, तोंडभर वाळू उचलतो आणि जागेवर थांबून जबडा हलवत राहतो. खाण्याचा कण घशाकडे जातो, बाकीची वाळू थोडी तोंडातून आणि बरीचशी कल्ल्यांच्या फटीतून गळते. म्हणजे टाकीतला प्रत्येक कण कधी ना कधी त्याच्या कल्ल्यांना घासून जाणार. खडी त्याला उचलता येत नाही. मग तो टाकीत नुसता फिरत राहतो, बुजतो आणि त्याचा रंग उतरतो. हल्ली बांधकामाला सर्रास मिळणारी क्रश सँड तर त्याहून वाईट. तिच्या कणांना धार असते आणि त्या धारेने कल्ल्यांना जखमा होतात.

समुद्राच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. मीठ धुऊन जाईल, चुरा जाणार नाही. तो हळूहळू विरघळून पाणी जड करत राहतो. खात्री करायची तर चमचाभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर टाका, बुडबुडे आले की समजायचं. रत्नागिरीच्या काळ्या वाळूत आणखी एक अडचण आहे: तिच्यात चुंबकाला ओढले जाणारे जड कण असतात आणि ते फिल्टरच्या इंपेलरवर (पाणी ओढणाऱ्या चक्रावर) जाऊन बसतात. शिवाय किनाऱ्यावरून वाळू उचलायला कायद्याचीही आडकाठी आहे.

तुम्हाला हवी गोल कणांची नदीची वाळू किंवा पाण्याच्या फिल्टरमध्ये भरतात ती सिलिका वाळू. कण साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असावा. घरी निवडायची झाल्यास वाळू आधी रव्याच्या चाळणीने चाळा आणि खाली पडेल ती मैद्याच्या चाळणीत घ्या. दुसऱ्या चाळणीत वर राहील ती वाळू तुमची. खाडीच्या तोंडाजवळची वाळू नदीची म्हणून विकली जाते, तेव्हा व्हिनेगरची परीक्षा तिचीही घ्या. मग बादलीत थोडी थोडी घेऊन पाणी नितळ दिसेपर्यंत धुवा. जांभ्याच्या मुलखातली वाळू असेल तर तांबडा गाळ बराच वेळ सुटत राहतो, तिथे कंटाळा करू नका.

चार बाय दीड फूट तळाला ४ सेंटिमीटर थरासाठी साधारण ३५ किलो वाळू लागते. याहून जाड थर घालू नका, कारण खालचा भाग ढवळला जात नाही आणि तिथे घाण कुजते. तळाखालचा प्लेट फिल्टर वाळूसोबत चालत नाही. बाहेरचा कॅनिस्टर (बंद डब्याचा फिल्टर) लावणार असाल तर त्याची ओढणारी नळी तळापासून निदान १५ सेंटिमीटर वर ठेवा आणि तोंडाला स्पंज बसवा. मासे वाळू उधळतात, ती आत गेली की इंपेलर झिजतो.

टपाजोस २० सेंटिमीटरच्या आसपास वाढतो. चार फुटी टाकीत सहा पिल्लं वर्षभर निभावतील, पुढे पाच बाय दोन बाय दोन फुटांची टाकी हवीच. ती जागा मनात धरूनच मासे आणा.

प्रश्न (देवरुख): माझी टाकी तीन फुटी आहे, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. कोणता जिओफॅगस घेऊ? दुकानात ‘सुरिनामेन्सिस’ आहेत.

उत्तर: सुरिनामेन्सिस घेऊ नका. खरा सुरिनामेन्सिस सुरिनाम आणि फ्रेंच गयानातल्या नद्यांमधला. बाजारात या नावाने मिळतात ते बहुतेक वेळा अल्टिफ्रॉन्स किंवा त्याचे भाऊबंद, आणि ते २० ते २५ सेंटिमीटरचे होतात. तुमच्या टाकीत सुमारे १९० लिटर पाणी मावतं. तिला शोभेल तो स्टाइंडाखनेरी, कोलंबियातल्या माग्दालेना नदीकडचा. नर १५ सेंटिमीटरच्या आत राहतो आणि त्याच्या कपाळावर तांबूस उंचवटा येतो. एक नर आणि तीन-चार माद्या ठेवा. दोन नर एकत्र ठेवले तर दुबळ्याला कोपऱ्यातून बाहेर पडता येणार नाही.

ब्राझिलिएन्सिस देखणा आहे, पण मोठा आणि भांडखोर. युरुग्वेकडचे जिम्नोजिओफॅगस कोणी देऊ केले तर नाही म्हणा. त्यांना वर्षातून दोन-तीन महिने गार पाणी लागतं आणि आपल्या किनाऱ्यावर तशी थंडी पडत नाही. पुढेमागे मोठी टाकी झाली की सॅटानोपर्का ज्युरूपारी जरूर बघा. शांत मासा आहे आणि आपल्या विहिरींचं मऊ पाणी त्याला मानवतं.

प्रश्न (आचरा, मालवण): जूनच्या अखेरीस नेहमीप्रमाणे विहिरीचं पाणी घेऊन ४० टक्के पाणी बदललं. तासाभरात मासे वर येऊन धापा टाकू लागले, सकाळपर्यंत तीन दगावले. विहीर तीच, घरातली माणसंही तेच पाणी पितात. मग झालं काय?

उत्तर: विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, पडली असावी. पावसाळ्यात ग्रामपंचायतीकडून विहिरींत ही पावडर टाकली जाते आणि ते योग्यच आहे. तिच्यातला क्लोरीन माणसाला त्या प्रमाणात बाधत नाही, माशाच्या कल्ल्यांची कातडी मात्र जाळतो. पाणी बदलल्यावर लगेच धाप लागणं, कल्ले पांढुरके किंवा काळपट लाल दिसणं, ही त्याचीच खूण.

पावसाळाभर टाकीत पाणी घालण्याआधी क्लोरीन दाखवणारी ओटी टेस्ट करा, पंचायतीचे जलसुरक्षक करतात तीच. नमुन्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर ते पाणी तसं घालायचं नाही. ड्रममध्ये भरून एअर स्टोन सोडा, दोन दिवस ठेवा आणि पुन्हा तपासा. घाई असेल तर हायपो, म्हणजे क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट, वापरा. १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम हायपोचे खडे विरघळवून बाटलीत ठेवा आणि १० लिटर पाण्याला या द्रावणाचा १ मिलिलिटर घाला. पावडर त्याच दिवशी पडली असेल तर क्लोरीन बराच जास्त असतो, तेव्हा दुप्पट घाला आणि पिवळा रंग येत नाही हे पाहूनच पाणी टाकीत सोडा. नळपाणी योजनेच्या पाण्यालाही हेच लागू.

किनाऱ्यालगतच्या विहिरींचं दुसरं टोक मे महिन्यात दिसतं. पाणी खाली जातं आणि मचूळ होतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर घरात असू द्या. एरवी ८० दाखवणारी विहीर ४०० दाखवू लागली तर ते पाणी एकदम घालू नका, दर खेपेला १० टक्क्यांवर थांबा किंवा आतल्या बाजूच्या विहिरीचं पाणी आणा.

प्रश्न (लांजा): विहिरीचा पीएच ६.४, टीडीएस ४५. जिओफॅगसना मऊ पाणी आवडतं म्हणतात, तरी टाकीत पीएच ५ च्या खाली जातो आणि मासे खात नाहीत. टाकी चार फुटी आहे.

उत्तर: जांभ्यातलं पाणी मऊ असतं हे खरं, पण त्यात आम्ल पेलणारे क्षार जवळजवळ नसतात. हे क्षार केएच या मोजणीत दिसतात आणि तुमच्याकडे तो शून्याजवळ असणार. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना आम्ल तयार करतात. ते पेलायला काही नसलं की पीएच धाडकन पडतो. साडेपाचच्या खाली तेच जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साचत जातो. आम्लधर्मी पाण्यात त्याचं विष सुप्त राहतं. पण अशा वेळी घाबरून एकदम जास्त पीएचचं पाणी घातलं की तोच अमोनिया जागा होतो आणि मासे त्या ‘उपचारानेच’ मरतात. म्हणून आधी अमोनिया मोजा. तो दिसत असेल तर तीन-चार दिवस रोज त्याच विहिरीच्या पाण्याने १५ टक्के बदल करा आणि खाणं बंद ठेवा.

मग केएच २ ते ३ वर आणून तिथेच राखा. तुमच्या २५० लिटरमध्ये केएच एका अंशाने वाढवायला साधारण साडेसात ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. दोन दिवसांत मिळून दोन अंशांपेक्षा जास्त वाढवू नका. कायमची सोय म्हणून फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत मूठभर धुतलेले शिंपले ठेवा. जे शिंपले वाळूत नकोत म्हटलं, तेच इथे कामाचे, कारण इथे ते मोजून घालता येतात आणि केएच जास्त झाला की पिशवी काढता येते. पीएच ६.५ ते ७ दरम्यान स्थिर राहिला की बस्स. दर आठवड्याला ३० ते ४० टक्के पाणी बदला, नायट्रेट २० पीपीएमच्या वर जाऊ देऊ नका. एवढं सांभाळलं तर बहुतेक जाती खूश असतात.

प्रश्न (गुहागर): पाच फुटी टाकीत सात टपाजोस आहेत, दीड वर्षाचे. एक जोडी तीनदा सपाट दगडावर अंडी घालून बसली. दोन-तीन दिवस राखण करतात आणि मग अंडी गायब! आईबापच खातात का? वेगळी काढून मी उबवावीत का?

उत्तर: पुढच्या वेळी अंडी नाहीशी झाली की त्या जोडीच्या गळ्याकडे नीट बघा. आमचा अंदाज असा की अंडी खाल्ली जात नाहीत, ती फुटतात आणि पिल्लं तोंडात जातात. टपाजोस आधी दगडावर अंडी घालतो, दोघंही राखण करतात आणि साधारण तिसऱ्या दिवशी अंड्यांतून निघालेले वळवळते जीव तोंडात उचलतात. नर-मादी दोघंही धरतात आणि आपसांत अदलाबदलही करतात. खालचा जबडा किंचित फुगलेला, गळ्याची पिशवी भरलेली, जबड्याची चावल्यासारखी हालचाल सुरू, पण खाणं टाकलं तर बघून सोडून देतात: अशी लक्षणं दिसली तर तोंडात पिल्लं आहेत.

तिथून पुढे दहा ते चौदा दिवस टाकीत हात घालायचा नाही. एरवी त्या दिवसांत पाणी बदलताना नळी फिरवली, दगड हलवला, की घाबरलेली जोडी पिल्लं गिळते किंवा थुंकते आणि बाकीचे पाच जण ती टिपतात. तुमच्याकडे नेमकं हेच होत असेल. पाणी बदलायचंच तर बारीक धारेने, १० टक्के, टाकीच्या दुसऱ्या टोकाला.

अंडी पहिल्याच रात्री जात असतील तर कारण वेगळं. टाकीत प्लेको किंवा दुसरा निशाचर मासा आहे का? तो अंधारात दगड साफ करून जातो, त्याला आधी हलवा. अंडी दुसऱ्या दिवशी पांढरीफटक होत असतील तर ती फळलेली नाहीत: जोडी नवी असेल, दोन्ही माद्याच असतील, किंवा पाणी फार जड असेल. या माशांत नर-मादी नुसत्या रंगावरून कळत नाहीत. अंडी घालायच्या सुमारास पोटाखालची नळी बघा. नराची बारीक आणि टोकदार, मादीची रुंद आणि बोथट.

तुमच्या जागी आम्ही असे चार बदल करू. दगडाऐवजी मंगलोरी कौलाचा तुकडा, गुळगुळीत बाजू वर करून, कोपऱ्यात किंचित तिरका ठेवू. त्याला काठीचा किंवा ओंडक्याचा आडोसा देऊ, म्हणजे जोडीला एकच बाजू राखावी लागेल. वरच्या पाण्यात लेमन टेट्रासारखे दहा-बारा छोटे मासे सोडू, कारण वर मासे निर्धास्त फिरताना दिसले की जिओफॅगस बुजत नाहीत. आणि रात्री खोलीत अगदी मंद दिवा ठेवू, म्हणजे लाईट एकदम बंद झाल्यावर होणारी धावपळ टळेल.

अंडी काढून उबवायचा मोह तूर्तास आवरा. या जोडीला सराव होऊ द्या, पाचव्या-सहाव्या खेपेला जमणाऱ्या जोड्या पुष्कळ असतात. पिल्लं बाहेर सोडल्यावरही धोका दिसताच आणि रात्री ती पुन्हा तोंडात घेतली जातात. ते बघायला मिळावं म्हणून तरी ती आईबापांकडे राहू द्यावीत असं आमचं मत आहे.

प्रश्न (चिपळूण): स्टाइंडाखनेरीच्या मादीच्या तोंडात अंडी आहेत, चार दिवस झाले. नर तिच्या मागे लागतो. तिला कधी हलवू?

उत्तर: स्टाइंडाखनेरीत राखणीचा टप्पाच नाही. मादी एका वेळी चार-सहा अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलते. नराचं काम तिथेच संपतं, आणि पुढे तो तिला पुन्हा जोडीसाठी छळतो. आणखी सहा-सात दिवस थांबून, म्हणजे दहाव्या-अकराव्या दिवशी तिला हलवा. त्याआधी हलवली तर धक्क्याने अंडी गिळण्याची शक्यता जास्त. नर फारच मागे लागला तर मादीऐवजी नरालाच बाहेर काढा.

हलवायचं ते रात्री, अंधारात, मंद टॉर्चच्या उजेडात. जाळी वापरू नका. पारदर्शक डबा पाण्यात बुडवून तिला हळूच आत ढकला आणि पाण्यासकट उचला. दोन बाय एक बाय एक फुटांची टाकी पुरे. त्यात मूळ टाकीचंच पाणी, चालू टाकीत मुरलेला स्पंज फिल्टर, एक सेंटिमीटर वाळू आणि लपायला आडवी कुंडी. त्या दिवसांत तिला खाणं देऊ नका, उरलेलं खाणं पाणी खराब करतं. अंडी घातल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी पिल्लं बाहेर येतील, पहिल्या वेळी वीस-पंचवीसच असली तरी निराश होऊ नका. आठवडाभर ती आईजवळ राहू द्या, मग मादीला वेगळ्या टाकीत किंवा जाळीच्या पलीकडे तीन आठवडे भरपूर खाऊ घाला. थकलेल्या मादीला थेट नराकडे सोडणं तिच्या जिवावर बेततं.

प्रश्न (वेंगुर्ले): पिल्लांना अंड्याचा बलक देतो, पण चौथ्या-पाचव्या दिवशी मरू लागतात.

उत्तर: बलक बंद करा, त्याने पाणी नासतं आणि पिल्लं त्यानेच मरतात. जिओफॅगसचं पिल्लू पहिल्या दिवसापासून आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जिवाची) ताजी पिल्लं खाऊ शकतं, आणि ती उबवायला लागणारं समुद्राचं पाणी तुमच्याकडे फुकट आहे. पाऊस नसताना, खाडीच्या तोंडापासून दूरचं पाणी आणून कापडातून गाळा. बाटलीत ७५० मिलिलिटर समुद्राचं आणि २५० मिलिलिटर गोडं पाणी घ्या. अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी टाका आणि एअर पंपाची नळी तळापर्यंत सोडून जोरात हवा द्या. २८ अंशांना २४ तासांत पिल्लं निघतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर तरंगतील, नारिंगी पिल्लं खाली उजेडाकडे जमतील. ती नळीने ओढून पातळ कापडावर गोड्या पाण्याने धुवा आणि मगच घाला, टरफलं मात्र टाकीत जाऊ देऊ नका. पावसाळ्यात समुद्राचं पाणी किनाऱ्याजवळ पातळ होतं, तेव्हा लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम खडे मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घाला.

दिवसातून चार वेळा, पोटं नारिंगी दिसतील इतकंच द्या. पिल्लांच्या टाकीचं पाणी रोज १५ टक्के बदला. मोठ्या माशांसाठी ताजी कोळंबी सोलून, उकडलेल्या वाटाण्यासोबत वाटून, चायना ग्रासमध्ये घट्ट करून फ्रीजरमध्ये ठेवता येते. जवळा द्यायचा तर बिनमिठाचाच, आणि तासभर भिजवून. गटारातले ट्युबिफेक्स किडे नकोत.

प्रश्न (अलिबाग): एका माशाच्या डोळ्यांच्या वरच्या बाजूला बारीक खळगे पडलेत, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी आहे. खातो, पण थोडं.

उत्तर: ही होल-इन-द-हेडची, म्हणजे डोक्याला खळगे पडण्याच्या रोगाची, सुरुवात आहे. आतड्यातले परजीवी आणि दीर्घकाळ वाढलेलं नायट्रेट असा दुहेरी मार असतो, म्हणून नुसत्या औषधाने भागत नाही. आधी ५० टक्के पाणी बदला आणि फिल्टरमधला कोळसा काढा. मेट्रोनिडाझोलच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात. ६० लिटरला एक, म्हणजे २५० लिटरच्या टाकीला चार, कोमट पाण्यात विरघळवून घाला. एक दिवसाआड असे तीन डोस, प्रत्येक डोसाआधी ३० टक्के पाणी बदला. मासा खातोय तोवर औषध खाण्यातून देणं जास्त लागू पडतं: १०० ग्रॅम ओल्या खाण्यात १ ग्रॅम औषध, पाच ते सात दिवस. खळगे भरायला महिने लागतात, नवे पडत नाहीत ना तेवढं बघा.

प्रश्न (कुडाळ): पिल्लं शंभरावर झाली. घरामागच्या व्हाळात सोडली तर जगतील ना?

उत्तर: जगण्याचीच भीती आहे. कृपा करून सोडू नका, विहिरीत आणि शेततळ्यातसुद्धा नाही. पावसाळ्यात शेततळं भरून वाहिलं की ते पाणी व्हाळालाच मिळतं. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि आज तो तळ्या-धरणांतून काढता येत नाही. ब्राझिलिएन्सिस ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागातल्या नद्यांत असाच घर करून बसला आहे. आपला कालुंदरही सिक्लिडच. त्याला आणि सह्याद्रीच्या ओढ्यांतल्या, जगात दुसरीकडे कुठेच नसलेल्या माशांना हा शेजारी परवडणारा नाही. चार सेंटिमीटरची झाली की दुकानदाराला खाण्याच्या बदल्यात द्या, आणि तोपर्यंत पुढची जोडी लावू नका.

प्रश्न (दापोली): वादळी पावसात लाईट आठ-दहा तास जाते. काय तयारी ठेवावी?

उत्तर: मुख्य फिल्टरशिवाय टाकीत एक स्पंज फिल्टर कायम चालू ठेवा. दीड वॅटचा यूएसबी एअर पंप १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर रात्रभर चालतो, तो स्पंज फिल्टरच्या नळीला जोडायचा. लाईट नसताना खाणं द्यायचं नाही. कॅनिस्टर तीन-चार तासांपेक्षा जास्त बंद राहिला असेल तर लाईट आल्यावर तसाच सुरू करू नका. आत प्राणवायू संपून जिवाणू मरतात आणि ते सडलेलं पाणी टाकीत येतं. त्यातलं पाणी ओतून द्या, स्पंज टाकीतल्याच पाण्यात हलके पिळा, मग जोडा. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी अमोनिया मोजा.